चुकल्याचा एक गुण

श्रीमती व्हर्ना एडिथ नोस्के, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार सायलो रोड, टाराबूल. टाराबूल फुटबॉल व नेटबॉल क्लबच्या आजीव सभासद. पद: समर्थक. पात्रता: जन्म. वाहन: एक जुनी तपकिरी स्टेशन वॅगन. वाहन उभे करण्याची जागा: मैदानाच्या दक्षिण टोकाला, गोलच्या खांबांमागे, कुंपणाला नाक लावून, जागेवरील हक्क वंशपरंपरागत, कागदोपत्री आधार नाही. कर्तव्ये: स्वसंघाने गोल केल्यास हॉर्न वाजवणे. अधिकार: वरीलप्रमाणे. आरोप: चालू मोसमात घरच्या मैदानावर प्रतिस्पर्ध्यांच्या गोलनंतर वारंवार, हेतुपुरस्सर व लांबलचक हॉर्न वाजवला. आरोपीचे म्हणणे: "चांगले गोल होते." निष्कर्ष: आरोप सिद्ध. शिक्षा: पुढील संपूर्ण मोसमात हॉर्न वाजवण्यास मनाई.

ठराव एकमताने मंजूर झाला. त्यानंतर समितीने व्हर्नानेच करून आणलेला केक खाल्ला.

टाराबूल म्हणजे गव्हाच्या तीन उंच कोठ्या, ज्यांना इथे सायलो म्हणतात, एक दुकान, एक पब, एक छोटं हॉस्पिटल आणि एक मैदान. गावातली सगळी माणसं एका सायलोत मावतील, आणि पीक वाईट आलेलं असेल तर जागाही असते. पश्चिमेला मिठाचं तळं आहे. उन्हाळ्यात ते पांढरं पडतं, हिवाळ्यात राखाडी, आणि दोन्ही ऋतूंत त्यात पाणी असल्याची फक्त अफवा असते. तारांवर गलाह बसतात. गलाह हा गुलाबी छातीचा, करड्या पंखांचा काकाकुवा. आणि इकडच्या बोलण्यात गलाह म्हणजे बावळट माणूस. क्लबने हे नाव घेतलं तेव्हा पहिला अर्थ लोकांच्या मनात होता. दुसरा अर्थ संघाने स्वतःच्या कष्टाने मिळवला.

इथे सामना गाडीत बसून पाहतात. मैदानाभोवती गोल कुंपण आणि कुंपणाला चिकटून गाड्या, जशा गुरं पाण्याच्या टाकीला लागतात तशा. टाळ्या वाजवायच्या तर काच खाली करून हात बाहेर काढायला हवेत, आणि जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीत ते कुणी करत नाही. म्हणून हॉर्न. आपला गोल झाला की आपल्या गाड्या वाजतात, पाहुण्यांचा झाला की उत्तरेकडे लागलेल्या पाहुण्यांच्या गाड्या वाजतात. दुरून, तळ्याच्या बाजूने ऐकलं तर वाटतं, एखादा मोठा कळप आपसात काहीतरी ठरवतो आहे आणि ठरत नाही आहे.

व्हर्नाच्या हॉर्नला दोन आवाज होते. फार वर्षांपूर्वी एका कांगारूने गाडीला समोरून धडक दिली. कांगारू निघून गेला. हॉर्न तेव्हापासून आधी घोगरा लागायचा, मग एकदम वर चढायचा, जसा वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो तसा. दुरुस्त करून घे म्हणून लोकांनी सुचवलं. लिंडसे म्हणाला, "कशाला? कोण वाजवतंय ते कळतं."

लिंडसे म्हणजे व्हर्नाचा नवरा. सायलोवर धान्याच्या ओलाव्याची तपासणी करण्यात त्याची हयात गेली. तरुणपणी गलाहच्या दुय्यम संघात तो खेळला, आणि त्याच्या खेळाबद्दल गावात कुणालाच काही आठवत नाही, जे तो चांगलं लक्षण समजत असे. लग्नानंतर दर शनिवारी दोघं त्या गाडीत. मध्ये थर्मास, गुडघ्यांवर चौकड्यांचं कांबळं, आणि मध्यंतरात कँटीनमधली खिम्याची गरम पेस्ट्री, वर टोमॅटो सॉस. सॉस दर वेळी लिंडसेच्या स्वेटरवर सांडायचा. व्हर्ना दर वेळी म्हणायची, "बघ." तो दर वेळी बघायचा.

या वर्षी मार्चमध्ये लिंडसेच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्याला हॉस्पिटलात ठेवलं. हॉस्पिटल मैदानाच्या दक्षिणेला, मध्ये फक्त एक बोळ आणि मिरीच्या झाडांची रांग; वेल नव्हे, मिरीसारखे दाणे येणारी इकडची मोठी झाडं. त्याची खाट खिडकीशी. खिडकीतून खेळ दिसत नाही. झाडांचे शेंडे दिसतात आणि उंच खांबांची टोकं. पण ऐकू सगळं येतं. व्हर्नाची गाडी तर खिडकीपासून इतकी जवळ की तिने थर्मासचं झाकण उघडलं तरी त्याला चहाची आठवण व्हावी.

"तू मैदानावर जा," तो म्हणाला. त्याचं बोलणं हळू झालं होतं, शब्द एकेक करून, जिना उतरल्यासारखे यायचे. "इथे बसून माझ्याकडे काय बघतेस. माझ्यात गोल होत नाहीत."

मग दर घरच्या सामन्याला ती गाडीत आणि तो खाटेवर. तिने हॉर्न वाजवला की त्याने मोजायचं. दुपारच्या औषधाने त्याला गुंगी यायची, आणि गुंगीत सगळे मोसम एकमेकांत मिसळायचे. कुठलातरी जुना बुटका फॉरवर्ड, जो केव्हाच वारला, आजच्या पोराकडे चेंडू द्यायचा. पोरगा वडिलांसारखा पळायचा. वडील कुंपणापाशी उभे राहून स्वतःलाच शिव्या द्यायचे. लांबट लाल चेंडू वर जायचा आणि खाली यायला विसरायचा. मग झाडांपलीकडून घोगरा, आणि लगेच फुटलेला, असा हॉर्न यायचा, आणि लिंडसे डोळे न उघडता एक बोट मिटायचा.

अडचण एवढीच की बोटं फारशी मिटेनात.

त्या मोसमात गलाहांची अवस्था वाईट होती. तरुण पोरं खाणींवर किंवा शहराकडे गेलेली. संघात कर्णधार ट्रेव्ह डफ्टी होता, जो पेशाने प्लंबर आणि गुडघ्यांनी सत्तर वर्षांचा. बाकी जो बूट घेऊन येईल तो. इकडच्या खेळात दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. तिथे चुकला आणि बाजूच्या बुटक्या खांबाच्या आत राहिला, किंवा उंच खांबालाच लागला, तर बिहाइंड, एक गुण. म्हणजे चुकल्याबद्दल एक गुण. जगात दुसरीकडे कुठे इतकं समजूतदार धोरण असेल तर ते मला ठाऊक नाही. गलाहांचे बहुतेक गुण याच मार्गाने यायचे. आणि बिहाइंडला कुणी हॉर्न वाजवत नाही. ती रीत नाही.

एप्रिल गेला, मे गेला. गलाह हरत राहिले. आणि हॉस्पिटलातली नर्स मॅरिव्हिक, जी फिलिपिन्सहून येऊन इथे इतकी रुळली होती की तिलाही आता उकाड्याबद्दल तक्रार करता यायची, तिने एकदा व्हर्नाला बाजूला घेतलं.

"लोलो जेवत नाहीत," ती म्हणाली. लोलो म्हणजे तिच्या भाषेत आजोबा. वॉर्डातले सगळे म्हातारे तिचे लोलो.

"कधी?"

"शनिवारी नाही. रविवारी नाही. सोमवारी सूप. बुधवारपर्यंत जरा बरं. मग परत शनिवार."

"हरल्यावर त्याचं असंच असतं. आधीपासून."

"आधी वजन असेल, मिसेस नोस्के. आता घालवायला काही उरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हिवाळा निघणार नाही."

व्हर्नाने तिच्यापुढे चहाचा कप केला. ती बोलण्यापेक्षा चहा ओतणाऱ्यांपैकी होती.

पुढच्या घरच्या सामन्याला ती चहाच ओतत होती. पाहुण्यांचा एक लांब हातांचा पोरगा दक्षिण टोकाकडे धावत आला, वळला आणि त्याने चेंडू खांबांच्या मधोमध मारला. त्याच क्षणी थर्मास व्हर्नाच्या हातातून निसटला, तो पकडायला ती पुढे झुकली, आणि तिचा कोपर हॉर्नवर पडला. घोगरा, मग वरचा. पूर्ण.

आजूबाजूच्या गाड्यांतून माना वळल्या. शेजारच्या गाडीतली काच खाली झाली.

"व्हर्ना, गोल त्यांचा होता."

"चहा सांडला," व्हर्ना म्हणाली.

संध्याकाळी ती हॉस्पिटलात गेली तेव्हा लिंडसे उशीला टेकून बसला होता.

"एक तरी केला," तो म्हणाला. "कोणी? ट्रेव्हने?"

व्हर्नाने खिडकीकडे पाहिलं. मग ताटाकडे. ताटातलं मटण संपलं होतं, आणि कस्टर्डच्या वाटीत चमचा उभा होता.

"ट्रेव्हने," ती म्हणाली.

"कुठून?"

"लांबून."

"वा," लिंडसे म्हणाला आणि कस्टर्डकडे वळला.

माणूस खोटं कसं बोलायला लागतो यावर जाड ग्रंथ आहेत. त्यांत थर्मासचा उल्लेख मला सापडला नाही.

पुढच्या सामन्याला व्हर्नाने थर्मास मागच्या सीटवर ठेवला आणि पाहुण्यांच्या दोन गोलांना हॉर्न वाजवला. त्याच्या पुढच्याला पाच. गलाहांनी चुकून गोल केलाच तर त्यालाही वाजवायची. म्हणजे तिच्या हिशेबाने मैदानावर होणारा प्रत्येक गोल टाराबूलचा होता. सामना संपला की जिंकलेला संघ कपडे बदलायच्या खोलीत आपलं गाणं म्हणतो, आणि ते बोळापलीकडे ऐकू येतं. म्हणून ती शेवटचा सायरन होताच गाडीतून उतरून, बोळ ओलांडून, वॉर्डात पोचायची आणि खिडकी बंद करायची. "गार वारं आहे." गावातलं साप्ताहिक, ज्यात निकाल छापून यायचे, ते त्या आठवड्यांत तिने वॉर्डात न्यायचं बंद केलं. बाहेरगावच्या सामन्यांचं सोपं होतं. तिथे फक्त तोंडाने खोटं बोलावं लागे.

लिंडसेच्या गालांवर थोडं मांस चढलं. मॅरिव्हिक म्हणाली, "लोलोंनी काल कस्टर्ड परत मागितलं." व्हर्ना परत येताना गाडीत एकटीच गुणगुणायची, आणि मिठाच्या तळ्यावर मावळतीचा गुलाबी रंग असा पडायचा की तळ्यातही एक गलाह पंख पसरून बसला आहे असं वाटावं.

मैदानावर मात्र कुजबुज सुरू झाली. एखाद्या समर्थकाने संघाला शिव्या घालाव्यात, हे समर्थनच आहे. सामना अर्धा टाकून घरी जावं, तेही. पण शत्रूच्या गोलला हॉर्न? पाहुणे खूष होते. एका संघाने जाताना तिच्या काचेवर टकटक करून आभार मानले. ट्रेव्ह डफ्टीला ते सहन झालं नाही, आणि प्रकरण समितीपुढे गेलं.

क्लबच्या हॉलमध्ये, जुन्या अजिंक्यपदाच्या फोटोखाली, अध्यक्ष रेक्स पोल्नर बसला होता. रेक्स मोठा शेतकरी, हळू बोलणारा, प्रत्येक वाक्य कुंपणाच्या खांबासारखं रोवणारा.

"व्हर्ना, मिन्यूकच्या संघाविरुद्ध त्यांच्या पाचव्या गोलला तू हॉर्न वाजवलास, असं लोक म्हणतात."

"पाचव्याला आणि सहाव्याला. चौथ्याला मी चष्मा पुसत होते."

"का?"

"चांगले गोल होते."

"माझ्या डोक्यावरून गेला तो पाचवा!" ट्रेव्ह ओरडला.

"म्हणून तर चांगला होता."

"ऐकलंस, रेक्स? ही आपली माणसं! अगं, बायको माझी, ती निदान गप्प बसते!"

"ती सामन्याला येतच नाही, ट्रेव्ह," व्हर्ना म्हणाली.

"तेच म्हणतोय मी!"

रेक्सने हात वर केला. "व्हर्ना, तुला आणखी काही सांगायचं आहे?"

व्हर्नाने पर्स उघडली, बंद केली. खरं सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि त्यांतला एखादातरी भल्या मनाने लिंडसेला भेटायला जाऊन म्हणाला असता की तुझी बायको किती चांगली. मग संपलंच.

"केक कापू का?" ती म्हणाली.

रेक्स पोल्नरची बायको हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. रिकाम्या वाट्या तीच धुते. समितीच्या निष्कर्षात याचा कुठे उल्लेख नाही. रेक्सने खिडकीबाहेरच्या सायलोंकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "नियम तो नियम. बंदी. पूर्ण मोसम."

"आजपासून?" ट्रेव्हने विचारलं.

"पुढच्या मोसमापासून," रेक्स म्हणाला. "यंदाचा आता एकच सामना उरलाय. लिहायला घेतलंय मी, खोडत नाही."

तो उरलेला सामना मिन्यूकशीच होता, घरच्या मैदानावर. त्याच्या आदल्या दिवशी व्हर्ना वॉर्डात बसून लिंडसेची नखं कापत होती.

"व्हर्न," तो म्हणाला. "आपण मागच्या वेळी तीस गोल केले."

"हं."

"आपल्याकडे तीस माणसं तरी आहेत का?"

कात्री थांबली.

"आणि आपल्या गोलला उत्तरेकडच्या गाड्यापण वाजतात. पाहुणे आपलं कौतुक करायला लागले? मिन्यूकवाले?" तो हसला. अर्धाच चेहरा हसला, पण त्या अर्ध्याला जुनी सवय होती. "माझ्या अंगावरून वारं गेलंय अगं. अक्कल गेलेली नाही."

"कधी कळलं?"

"ट्रेव्हने लांबून मारला म्हणालीस, तेव्हाच. ट्रेव्हने लांबून काय मारलंय आयुष्यात? फार तर थापा."

"मग जेवत का होतास?"

"तू खिडकी लावून इतकी धापा टाकत उभी असायचीस. म्हटलं, हिचा सामना तरी कुणीतरी जिंकू दे."

व्हर्नाने एक नख कापलं. मग म्हणाली, "तू हरल्यावर जेवत नाहीस. डॉक्टर म्हणाला—"

"हरल्यावर जेवण जाऊ नये. बरोबरच आहे ते. चौऱ्याऐंशी साली फायनल हरलो तेव्हा मी बुधवारपर्यंत काही खाल्लं नव्हतं. तू काही हॉर्न वाजवत फिरली नाहीस."

"तेव्हा तुझं पोट दारातून आधी यायचं आणि तू मागून."

"हरणं माझं आहे, व्हर्न." तो थांबला, पुढची पायरी शोधावी तसा. "इतकी वर्षं हरून मिळवलंय मी ते. ते पण काढून घेतलंस तर माझ्याकडे काय उरतं? ही खाट."

बाहेर मिरीच्या झाडांत पाखरं बसत-उठत होती. बोळातून कुणीतरी सायकलने गेलं.

"उद्या खरं वाजव," तो म्हणाला. "त्यांच्याला गप्प. आपल्या गोलला लांब. आणि बिहाइंडला छोटा."

"बिहाइंडला कुणी वाजवत नाही."

"आपल्या लोकांनी यंदा दुसरं काही केलंय?"

"लोक हसतील."

"तुझ्यावर बंदी आहे ना? आणखी काय करणार, दोनदा बंदी घालणार?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कस्टर्डबरोबर बातम्या पण येतात."

व्हर्नाने कात्री ठेवली. "एका अटीवर. हरलो तरी जेवायचं."

"बघू."

"बघू नाही. लिंडसे."

त्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. वाटाघाटीत तो नेहमीच छताची मदत घ्यायचा.

"हरलो तर कस्टर्डची एक वाटी. जिंकलो तर दोन. मटण माझ्या मर्जीवर."

"ठरलं," व्हर्ना म्हणाली.

शनिवारी तळ्यावरून धुकं आलं. असं धुकं सकाळी येतं आणि दहाच्या सुमाराला कामाला निघून जातं. त्या दिवशी ते थांबलं. सायलोंचे पाय तेवढे उरले, वरचं सगळं नाहीसं. तारांवरचे गलाह दिसेनात, फक्त मधूनच एक गुलाबी ठिपका हवेतून हवेत जायचा. गाड्या आपापल्या जागी येऊन लागल्या ते केवळ सवयीने, जसा माणूस अंधारात आपल्या घरातला चष्मा शोधतो. पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावून विचारलं, चेंडू दिसतोय का. ट्रेव्ह म्हणाला, "ऊन असतानापण दिसत नाही. चला."

आणि मग एक अजब दुपार सुरू झाली. मैदानाच्या मध्यात काय चाललंय ते कुणालाच दिसेना. पावलांची धप धप, कातड्यावर बुटाचा आवाज, कुणाचं तरी "माझा! माझा!", आणि मग पांढरेपणातून तीन माणसं येऊन पुन्हा पांढरेपणात जायची. उत्तर टोकाला काय झालं ते दक्षिणेला कळायचं नाही. गोल झाला की त्या टोकाचा पंच, पांढऱ्या कोटातला, दोन पांढरी निशाणं हलवतो. धुक्यात पांढरा कोट, पांढरी निशाणं. लोकांना हॉर्नवरच विसंबावं लागलं. उत्तरेकडे मिन्यूकच्या गाड्या वाजल्या, गोल. आणि दक्षिणेकडून, कधी नव्हे ते, एक छोटासा, घोगऱ्यावरच थांबणारा आवाज: प्प.

"हे काय?" शेजारच्या गाडीतून.

"बिहाइंड," व्हर्ना म्हणाली.

"बिहाइंडला हॉर्न?"

"एक गुण असतो त्याला."

थोड्या वेळाने पुन्हा, प्प. पुन्हा, प्प. मग एकदा लांब, पूर्ण चढलेला, आणि धुक्यातून सगळ्या टाराबूलच्या गाड्या तिच्यामागे. वॉर्डात खिडकी उघडी होती. मॅरिव्हिकने लिंडसेच्या खांद्यांवर कांबळं टाकलं. त्याचे डोळे मिटलेले, बोटं चाललेली. लांबला एका हाताची, छोट्याला दुसऱ्या हाताची, जी वारं गेल्यापासून हलत नव्हती आणि आताही हलत नव्हती, पण तो ती मनातल्या मनात मिटत होता. उत्तरेकडचे हॉर्न आले की व्हर्ना गप्प. आणि ती गप्प आहे हे ऐकू यायचं. तो एवढंसं "हं" म्हणायचा, जुन्या दुखण्याला ओळख द्यावी तसं. मॅरिव्हिक नंतर सांगायची, की लोलो त्या दुपारी दोनदा रडले आणि एकदा इतके खूष झाले की तिला नाडी मोजावी लागली. इतक्या महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं हवामान तिने पाहिलं नव्हतं.

धुक्याने मिन्यूकचे लांब हात निकामी केले होते. ट्रेव्हच्या माणसांना न पाहता खेळायची सवय होती. शेवटच्या सत्रात गलाह फक्त दोन गुणांनी मागे होते. सबंध मोसमात ते इतक्या जवळ कुणाच्याच आले नव्हते.

सामना संपल्याचा सायरन वाजला तेव्हा चेंडू ट्रेव्ह डफ्टीच्या हातात होता. त्याने तो उंच उडी मारून झेलला असं तो सांगतो. पाहणारं कुणी नव्हतं. झेल सायरनच्या आधी घेतला असेल तर सायरननंतरही एक लाथ मारायला मिळते, एकट्याने, सगळे थांबलेले असताना. समोर दक्षिणेचे खांब. गोल झाला तर सहा गुण, विजय. चुकला तर एक गुण, आणि एका गुणाने हार.

सगळं मैदान गप्प झालं. गाड्यांची इंजिनं बंद. कुणालाच ट्रेव्ह दिसत नव्हता, फक्त त्याचं खाकरणं ऐकू आलं, मग धावण्याची चार-पाच जड पावलं, मग बुटाचा ठोका.

व्हर्नाने काचेतून वर पाहिलं. धुक्याच्या आतून लाल चेंडू निघाला, हळू, आपल्याच भोवती फिरत, जणू त्याला कुठे जायचं ते वाटेत ठरवायचं होतं. तो आला. उंच खांबाजवळ आला. आणि खांबाला लागला. टक, एवढाच आवाज. कपाटाचं दार लागावं तसा. गोल-पंचाने ऐकला आणि व्हर्नाने.

पंचाने एक निशाण उचललं. ते कुणाला दिसलं नाही. मैदान वाट पाहत होतं. ट्रेव्ह धुक्यात कमरेवर हात ठेवून, रेक्स आपल्या ट्रकमध्ये, मिन्यूकची पोरं डोकी वळवून. सगळ्यांचे कान त्या तपकिरी गाडीकडे होते, जिच्यावर सबंध वर्षात कुणी विश्वास ठेवला नव्हता. बोळापलीकडे एक उघडी खिडकी होती.

व्हर्नाचा हात हॉर्नवर होता. तो जरा जास्त वेळ तिथे राहिला. लांब दाबला असता तर पंच येऊन आकडा सांगेपर्यंत टाराबूल जिंकलेलं असतं. धुक्यात तेवढा वेळ पुष्कळ असतो; तेवढ्यात माणूस दोन वाट्या कस्टर्ड खाऊ शकतो.

प्प.

छोटा. घोगऱ्यावरच थांबलेला.

उत्तरेकडे मिन्यूकच्या गाड्या एकदम पेटल्यासारख्या वाजू लागल्या. आणि त्या सगळ्या गोंगाटावरून, मिरीच्या झाडांमधून, मार्चपासून कुणी ऐकला नव्हता असा आवाज आला, सलग, एकही पायरी न चुकता:

"अरे खांबाला?! इतक्या जवळून खांबाला? गाढवा! गलाह लेकाचे, सगळेच्या सगळे गलाह!"

धुक्यातून ट्रेव्ह डफ्टीचा आवाज आला. "ऐकलं रे, लिंडसे!"

"ऐकवायलाच बोललो!"

व्हर्ना गाडीतून उतरली. या वेळी तिला घाई नव्हती. मिन्यूकवाले आपलं गाणं म्हणू लागले होते, आणि ती बोळ ओलांडेपर्यंत त्यांचं दुसरं कडवं आलं होतं. वॉर्डात खिडकी उघडीच होती. तिने ती लावली नाही. दोघांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मिन्यूकवाले नेहमीसारखेच बेसूर होते, आणि लिंडसेला त्याचं समाधान वाटलं.

मटण त्याने बाजूला सारलं. कस्टर्डची एक वाटी खाल्ली, ठरल्याप्रमाणे, रागारागाने. मग चमचा हातात धरून बसून राहिला.

"काय?" व्हर्ना म्हणाली.

"खांबाला लागला ना."

"लागला."

"मग एक गुण झाला. त्याचं काय?"

"हरलास तर एकच वाटी. तूच म्हणालास."

"वाटीचं नाही म्हणत मी. गोलला वाटी म्हटली, तर त्याचा सहावा हिस्सा. हिशेबात बसतं."

व्हर्ना स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आत रेक्सची बायको पातेलं घासत होती. तिने काही विचारलं नाही. एका वाटीच्या तळाशी दीड चमचा कस्टर्ड वाढलं, जरा विचार केला, आणि वर आणखी अर्धा घातला.

व्हर्नाने बंदी अक्षरशः पाळली. पुढच्या संपूर्ण मोसमात तिने एकदाही हॉर्न वाजवला नाही. पुढच्या मोसमात टाराबूलला संघ नव्हता.